झोप उडाली की कोणत्या संताला हाक मारावी?

माझ्या उशाशी एके काळी अकरा संतांची चित्रं होती. बाबा नुकतेच आयसीयूतून घरी आलेले, घराच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले आणि माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. वसईत अशी बातमी लपत नाही. मावशी म्हणाली, अशक्य वाटणाऱ्या कामांच्या संत ज्यूडला धर. शेजारच्या काकूंनी माहीमच्या चर्चमधली बुधवारची प्रार्थना सांगितली. कॉलेजातल्या मैत्रिणीने फोनवर डिम्फ्ना नावाच्या, मी कधी न ऐकलेल्या एका संत मुलीचं चित्र पाठवलं. मी सगळ्यांचंच ऐकलं. रात्री दहाला सुरू केलेल्या प्रार्थना बाराला संपायच्या, आणि तोवर उरलीसुरली झोपही पळालेली असायची. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या.

हे सगळं निस्तरून मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही कॅथोलिक असाल पण प्रार्थनेची सवय मोडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ख्रिस्ती नसाल, पण दर सप्टेंबरला वांद्र्याच्या मोत माउलीला मेणबत्ती लावून येत असाल, तर तुमच्यासाठीही आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. पहिली, कॅथोलिक माणूस संताची पूजा करत नाही. पूजा फक्त देवाची. संताकडे आपण मध्यस्थी मागतो. ‘माझ्यासाठी जरा देवाकडे शब्द टाक’ असं मोठ्या बहिणीला सांगावं, तसं. दुसरी, ‘निद्रानाशाचा संत अमुक’ असं व्हॅटिकनने जाहीर केलेलं खातेवाटप नाही. बहुतेक नाती लोकांच्या शतकानुशतकांच्या भक्तीतून जुळली आहेत. त्यामुळे ‘चुकीच्या’ संताकडे गेलो तर अर्ज फेटाळला जाईल, ही भीती काढून टाका.

१. आधी काय बिघडलंय ते लिहून काढा

आठवडाभर एका वहीत रोज सकाळी चारच गोष्टी लिहा : अंथरुणावर कधी पडलात, झोप साधारण कधी लागली, मध्ये किती वेळा जाग आली, आणि जाग आल्यावर पहिला विचार कशाचा होता. रात्री घड्याळ बघून नोंदी करू नका. सकाळी आठवेल तसं लिहा.

ही वही दोन ठिकाणी लागते. डॉक्टर हेच विचारतात. आणि संत निवडताना कळतं की आपलं दुखणं नक्की कुठलं आहे. काहींना पडल्यावर झोप लागत नाही. काहींना लागते, पण अडीच-तीनला टक्क जाग येते. काहींची झोप ठीक असते. दिवसभर छातीत धडधड असते, हाती घेतलेलं काम पुरं होत नाही. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि मी तिन्हींना एकच नाव देऊन मोकळी झाले होते.

२. एकच संत निवडा

हीच पायरी मी चुकले होते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

*झोपच लागत नसेल तर : एफेससचे सात झोपाळू*

आजच्या तुर्कस्तानात एफेसस नावाचं प्राचीन शहर आहे. आख्यायिका अशी की, तिसऱ्या शतकाच्या मध्याला, रोमन सम्राट डेशियसच्या छळाच्या काळात, सात ख्रिस्ती तरुण शहराबाहेरच्या गुहेत लपले. सम्राटाने गुहेचं तोंड चिणून टाकलं. ते आत झोपले आणि जागे झाले ते थेट पाचव्या शतकात, दुसऱ्या थिओडोशियसच्या राज्यात. एक जण पाव आणायला बाजारात गेला आणि त्याने डेशियसचं नाणं पुढे केलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. हीच कथा गुहेतल्या तरुणांची म्हणून कुराणाच्या अठराव्या अध्यायातही येते, त्यामुळे तुमच्या मुस्लीम मित्रांना ती बहुधा तुमच्याहून चांगली माहीत असेल.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण झोपेसाठी त्यांची आठवण काढण्याची रीत खूप जुनी आहे. मध्ययुगात इंग्लंडमध्ये ताप आणि निद्रानाश उतरवायला या सातांची नावं लिहून वापरत. मॅक्सिमियन, माल्कस, मार्टिनियन, डायोनिशियस, जॉन, सेरापियन, कॉन्स्टंटाइन. सण २७ जुलैला. नावं लिहून ताईत बांधू नका, तो सरळसरळ जादूटोणा झाला. पण त्यांची गोष्ट मनात घोळवत पडायला काहीच हरकत नाही. बाहेर छळ चालू आहे, राज्य उलथतं आहे, आणि आत सात पोरं गाढ झोपलेली. मला स्वतःला या सातांनी हसवलं. झोप न येणाऱ्या माणसाला हसूही क्वचितच येतं.

*मध्यरात्री जाग येत असेल, डोक्यात निर्णय घोळत असतील तर : संत जोसेफ*

वसईच्या बहुतेक घरांत जोसेफचं चित्र असतं, हातात लिलीचं फूल किंवा सुतारकामाची हत्यारं घेतलेलं. तुम्हाला हवा तो झोपलेला जोसेफ. आडवा पडलेला, डोक्याखाली हात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १६ जानेवारी २०१५ रोजी मनिलात कुटुंबांशी बोलताना सांगितलं होतं की, त्यांच्या टेबलावर अशी मूर्ती आहे. काही अडचण आली की ते ती एका चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी मूर्तीखाली सरकवतात, म्हणजे जोसेफला त्या अडचणीचं स्वप्न पडावं. त्यानंतर ही मूर्ती जगभर पोहोचली.

मत्तयच्या शुभवर्तमानात जोसेफ एकही शब्द बोलत नाही. त्याला फक्त स्वप्नं पडतात. मरियेचा स्वीकार कर, बाळाला घेऊन इजिप्तला पळ, आता परत जा, यहूदियात नको गालीलात जा. चारदा. पहिले दोन अध्याय वाचून बघा, दहा मिनिटं लागतील. माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, झोपेसाठी ज्याची भक्ती करायची त्या माणसाची स्वतःची झोप दर वेळी मोडलेली आहे. इजिप्तला तर तो रात्रीच उठून निघाला, बायको आणि तान्हं मूल घेऊन. जाग आल्यावर कूस बदलत राहणाऱ्याला जोसेफ कळतो तो यामुळे. त्याचे सण दोन : १९ मार्च, आणि कामगार जोसेफ म्हणून १ मे.

*चिंता दिवसरात्र पाठ सोडत नसेल, मन आजारी वाटत असेल तर : संत डिम्फ्ना*

डिम्फ्नाची कथा अंगावर काटा आणणारी आहे. ती सातव्या शतकातली आयरिश राजकन्या असल्याचं सांगतात. आई वारली, वडिलांचं मन ढळलं आणि आईसारखी दिसते म्हणून त्यांनी मुलीशीच लग्न करायचं ठरवलं. आपले वृद्ध धर्मगुरू जेरेबेर्नस यांच्यासोबत ती समुद्र ओलांडून आजच्या बेल्जियममधल्या गील या गावी पळाली. (तिथले लोक उच्चार करतात तो ‘खेल’ आणि ‘घेल’च्या मधला काहीतरी.) वडिलांनी माग काढला. धर्मगुरूंना मारलं आणि मुलीचं शीर स्वतःच्या हाताने उडवलं. हे सगळं तेराव्या शतकात लिहिलं गेलं, म्हणजे घटनेनंतर सहाशे वर्षांनी. म्हणून कथेच्या तपशिलावर फार वाद घालू नका.

कथेनंतर गीलमध्ये जे घडलं त्याला मात्र इतिहासाचा आधार आहे. डिम्फ्नाच्या समाधीपाशी मनोरुग्णांना आणू लागले. १३४९ मध्ये तिच्या नावाचं चर्च बांधायला घेतलं, पुढे त्याला लागून रुग्णांसाठी जागा केली. तिथे नऊ दिवसांचे विधी असत. गर्दी इतकी वाढली की जागा पुरेना, तेव्हा गावातल्या शेतकरी कुटुंबांनी रुग्णांना आपापल्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. नऊ दिवस संपले तरी काही जण तिथेच राहिले. शेतात राबले, त्याच ताटात जेवले. मुलं लहानाची मोठी झाली ती या माणसांना घरचं समजून. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. १८५० मध्ये बेल्जियम सरकारने व्यवस्था हाती घेतली, डॉक्टर आले, पण घरं तीच राहिली. १९३८ च्या सुमारास गीलमध्ये असे साडेतीन हजारांवर लोक कुटुंबांत राहत होते. चित्रकार व्हॅन गॉगच्या वडिलांनीही १८८० मध्ये मुलाला तिथे ठेवायचा विचार केला होता. आता संख्या खूप कमी झाली आहे, पण पद्धत टिकून आहे आणि २०२३ मध्ये युनेस्कोने तिची दखल घेतली.

हे वाचल्यावर मला मैत्रिणीने पाठवलेल्या त्या चित्राचा अर्थ लागला. चित्रात डिम्फ्नाच्या हातात तलवार असते आणि पायाशी साखळीने बांधलेला सैतान. खरं तर तिच्या चित्रात जेवणाचं एक जादा ताट असायला हवं होतं. ज्या संतभक्तीतून इतकी मोठी शुश्रूषा उभी राहिली, तिचं नाव घेऊन कोणी तुम्हाला ‘डॉक्टरकडे जाऊ नकोस’ म्हणत असेल, तर त्याला गीलची गोष्ट सांगा.

तिचा सण कॅलेंडरांमध्ये १५ मेला दिसेल. २००४ च्या रोमन हुतात्मासूचीत, म्हणजे चर्चच्या संतांच्या अधिकृत यादीत, तो ३० मेला आहे. मला दोन तारखा बघून वाटलं होतं की, नोव्हेनाच (नऊ दिवसांची प्रार्थना) चुकला. चुकत नाही. कुठलीही धरा.

*बाकीचे, थोडक्यात*

फ्रान्सिस द सेल्स (२४ जानेवारी) चिंतेवर फार शहाणपणाचं लिहून गेले आहेत. जाळ्यात सापडलेला पक्षी सुटायला जितका फडफडतो तितका जास्त गुरफटतो, हा दृष्टान्त त्यांचा. ज्यांना वाचून समाधान मिळतं त्यांनी त्यांना धरावं.

लिझ्यूची छोटी तेरेसा (१ ऑक्टोबर) ही उलट्या दुखण्याची संत. तिला मठात प्रार्थनेच्या वेळीच झोप लागायची. आईबापांना लेकरू जागं असलं काय, झोपलेलं असलं काय, सारखंच आवडतं, असं तिने लिहून ठेवलं आहे. माळ जपताना मध्येच झोप लागली म्हणून अपराधी वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमची आजी म्हणायची, उरलेली माळ आपला रक्षक देवदूत पुरी करतो.

संत व्हायटस (१५ जून) जास्त झोपणाऱ्यांसाठी. गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढणाऱ्या मुलासाठी त्यांना हाक मारा. आपल्या कामाचे नाहीत.

आणि पवित्र मरिया. ती कुठल्याही दुखण्याला चालते, म्हणून तिला वेगळं खातं नाही. वसईतल्या रमेदीच्या चर्चचं नावच मुळी पोर्तुगीज ‘रेमेदियोस’वरून आलेलं, म्हणजे उपाय, औषधं. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळ म्हणतात. ‘रमेदीच्या देवळात जाऊन ये’ हा सल्ला मला लहानपणापासून ऐकू येतो. मुंबईकरांना माहीमच्या संत मायकल चर्चमधला बुधवारचा नोव्हेना जवळ पडतो; तो १९४८ पासून चालू आहे आणि दिवसभर वेगवेगळ्या भाषांत होतो. तामिळनाडूतल्या वेलंकनीची आरोग्यमाता दूर, पण तिचा नोव्हेना घरीही करता येतो. ३० ऑगस्टला सुरू होऊन ८ सप्टेंबरच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत.

अजून ठरत नसेल तर जोसेफ घ्या. चिठ्ठ्या लिहिणं सगळ्यांना जमतं.

३. सामान जमवा

फार काही लागत नाही :

- निवडलेल्या संताचं एक चित्र किंवा छोटी मूर्ती. एकच. जोसेफची झोपलेली मूर्ती धार्मिक वस्तूंच्या दुकानात मिळते. नाही मिळाली तर साध्या चित्रामागे चिठ्ठी ठेवली तरी चालते.
- जपमाळ. पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची, नेहमीची माळ. तिच्यात ‘नमो मरिये’चे ५३ मणी आणि ‘आमच्या स्वर्गीय बापा’चे ६. लाकडी घ्या. काचेच्या मण्यांचा आवाज बाजूला झोपलेल्या माणसाला उठवतो.
- मराठी बायबल, छापील. स्तोत्र ४, स्तोत्र ९१, मत्तय ६ मधला उद्याच्या चिंतेचा भाग आणि फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय इथे खुणेच्या पट्ट्या घाला.
- कोऱ्या कागदाचे नऊ तुकडे आणि पेन्सिल.
- पहिल्या पायरीतली वही.

मेणबत्ती मुद्दाम लिहिली नाही. अंथरुणाजवळ जळती मेणबत्ती ठेवून झोपेची प्रार्थना करणं म्हणजे प्रार्थना मान्य झाली तर घराला आग. मेणबत्ती चर्चमध्ये लावा.

मोबाइलही नको. मी रात्री मोबाइलवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, लावून पडायचे. तिसऱ्या दशकानंतर कर्कश आवाजात गुंतवणुकीची जाहिरात सुरू झाली आणि बाबा दचकून उठले.

मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) लावायची असेल तर आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात जाऊन ज्याच्यासाठी लावायची त्याचं नाव आणि हेतू द्यावा लागतो. हेतूत ‘आरोग्यासाठी’ एवढं पुरतं. संपूर्ण चर्चसमोर स्वतःचं नाव वाचलं जायला नको असेल तर आधीच सांगा. ‘एका विशेष हेतूसाठी’ असं लिहून घेतात. मी सांगायला विसरले आणि मिस्सा संपल्यावर दारातच सात जणींनी झोपेचे सात उपाय सांगितले.

४. नऊ दिवस आखा

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा येईपर्यंत प्रेषित आणि मरिया एकत्र प्रार्थना करत थांबले होते, त्या नऊ दिवसांवरून ही रीत पडली. म्हणजे मुळात नोव्हेना हा वाट पाहण्याचा प्रकार आहे. पहिल्या रात्रीच झोप लागली पाहिजे, असा हट्ट धरलात तर प्रत्येक रात्र परीक्षा होईल, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाला झोप येते?

मला जमलेला क्रम असा. प्रार्थना अंथरुणात करायची नाही. जेवणानंतर, झोपायच्या तासभर आधी, खुर्चीत बसून. क्रुसाची खूण करा. आजचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्या. चुकलं त्याबद्दल क्षमा मागा, मिळालं त्याचे आभार माना. स्तोत्र ४ वाचा. त्याच्या शेवटच्या ओळीत कवी म्हणतो की, मी शांतपणे पडून झोपी जाईन, कारण मला सुरक्षित ठेवणारा तू आहेस. मग संताशी स्वतःच्या शब्दांत बोला. माझं पहिल्या रात्रीचं वाक्य होतं, ‘जोसेफबाबा, हप्त्याचं काय करू?’ एवढंच. त्यानंतर चिंता कागदाच्या तुकड्यावर लिहा, घडी घाला, मूर्तीखाली ठेवा. शेवटी एक ‘आमच्या स्वर्गीय बापा’, एक ‘नमो मरिये’, एक ‘पित्याला, पुत्राला’. दहा-बारा मिनिटांत उरकतं. उरकायलाच हवं.

चिठ्ठीवर एका रात्री एकच चिंता. ‘सगळंच’ असं लिहू नका. मी दुसऱ्या रात्री आधी तेच लिहिलं होतं, मग चिठ्ठी बदलली. ते वाचून मला स्वतःलाच काही बोध झाला नाही, जोसेफला काय होणार.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू. पुन्हा पहिल्यापासून मोजायची गरज नाही.

५. तीन वाजता जाग आली तर

घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. साधारण वीस मिनिटं झोप लागत नाहीसं वाटलं तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. हा सल्ला डॉक्टरांचा; अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, अशी सवय शरीराला लागू नये म्हणून. मी त्यात माळ मिसळली. एक दशक, हळू, श्वासाच्या लयीत. संख्या पुरी करायची नाही. डोळे जड झाले की माळ तिथेच ठेवून परत आत.

माळ जड वाटली तर एकच ओळ पुरते. चर्चच्या रोजच्या प्रार्थनाक्रमात झोपण्याआधीची शेवटची प्रार्थना असते, कंप्लिन. जगभरचे फादर, मठवासी आणि सिस्टर ती म्हणतात. तिच्यात दररोज येणारं वाक्य एकतिसाव्या स्तोत्रातलं आहे, येशूने क्रुसावर उच्चारलेलं : मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. बाबा आयसीयूत असताना मला ते म्हणवत नव्हतं, कारण मरणाचं वाटायचं. मग एका सिस्टरने सांगितलं की, ज्यू आया लेकरांना झोपवताना हे स्तोत्र म्हणत असतील असं ती मनात धरते. खरं असो-नसो, त्यानंतर मला ती ओळ म्हणता आली.

त्या वेळी नवस बोलू नका. ‘झोप लागू दे, मी वेलंकनीला पायी येते’ असलं काही तीन वाजता सुचतं आणि सकाळी फेडायची नवी चिंता उभी राहते. बोलून बसलाच असाल तर आपल्या फादरना सांगा. ते त्यातून वाट काढून देतात.

६. फसगतीच्या जागा

व्हॉट्सॲपवर ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर...’ असं आलं तर पुसून टाका. धमकी देणारी प्रार्थना चर्चची नसते. मी एकदा रात्री पावणेबाराला नऊ जणांना पाठवली होती. त्यातल्या दोघी जाग्या झाल्या.

‘तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून झोप येत नाही’ असं म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. चिंता हे पाप नाही आणि आजार ही शिक्षा नाही.

घरात बाधा आहे, सैतान काढावा लागेल, इतके पैसे पडतील, असं कोणी सांगितलं तर उठून या. कॅथोलिक चर्चमध्ये भूतनिवारणाचा विधी बिशपांच्या परवानगीशिवाय कोणत्याही फादरना करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खातरजमा करणं चर्चच्याच शिकवणीत सांगितलेलं आहे.

ख्रिस्ती नसलेल्यांसाठी एक : नोव्हेनाला, मिस्साला खुशाल बसा, मेणबत्ती लावा, कोणी अडवणार नाही. पण मिस्सात लोक रांगेने पवित्र भाकर घ्यायला जातात, तेव्हा जागेवर थांबा. तो प्रसाद नव्हे. आमच्यातही सगळे दर वेळी जात नाहीत, त्यामुळे बसून राहिलात तर वावगं दिसत नाही.

आणि सगळ्यात धोक्याची फसगत म्हणजे नोव्हेना सुरू केला म्हणून गोळ्या बंद करणं. झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलटून वाढतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

७. डॉक्टर कधी

आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, आणि हे तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. तेवढं थांबायची गरज नाही. दिवसाचं काम बिघडायला लागलं की जा. सोबत न्या : पहिल्या पायरीतली वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी (आयुर्वेदिक आणि डोकेदुखीच्याही), अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, आणि घोरण्याबद्दल बाजूला झोपणाऱ्याची साक्ष. चहाचे कप खरे सांगा. मी सहा म्हणाले, आईने शेजारून ‘नऊ’ म्हणून दुरुस्ती केली.

जगणं नको वाटण्यासारखे विचार येत असतील तर नोव्हेनाचा नववा दिवस बघू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात. घरातल्या एकाला तरी त्याच क्षणी उठवा.

फादरांशीही बोला, पण मिस्सा संपल्यावर दारात उभ्याउभ्या नव्हे. वेळ मागून घ्या. मनातलं ओझं एखाद्या जुन्या चुकीचं असेल तर कन्फेशनचा, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली देण्याचा, उपयोग होतो. नसेल, तर उगाच पाप शोधत बसू नका.

८. नऊ दिवस झाल्यावर

दहाव्या दिवशी सकाळी, उजेडात, मूर्तीखालच्या चिठ्ठ्या काढा आणि दोन ढीग करा. ज्यात आपल्याला काही करता येईल त्या एकीकडे, ज्यात काहीच करता येणार नाही त्या दुसरीकडे. पहिल्या ढिगातल्या एका चिठ्ठीचं काम त्याच दिवशी करा. दुसरा ढीग परत मूर्तीखाली.

माझ्या नऊपैकी पाच चिठ्ठ्या हप्त्याच्या तारखेबद्दल होत्या, वेगवेगळ्या शब्दांत. पगार सात तारखेला, हप्ता पाचला. अर्धा दिवस रजा काढून बँकेत गेले, अर्ज दिला, तारीख दहा झाली. तीन चिठ्ठ्या बाबांच्या होत्या. त्या दुसऱ्या ढिगात गेल्या. नवव्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते वाचताच आलं नाही. अक्षर मध्येच घसरत जाऊन कागदाबाहेर गेलं होतं आणि पेन्सिल मला सकाळी खुर्चीखाली सापडली होती.